काल की कळ

साठ सालानंतरची काही वर्षं मी मालवणजवळच्या एका लहान पोस्टात तारमास्तर होतो. एकटाच. जोडीचा कारकून बदलून गेला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. बदली माणूस आल्याशिवाय यंत्र सोडायचं नाही असा नियम, आणि माणूस मागणाऱ्या माझ्या अर्जांना उत्तर नाही. घर वैभववाडीकडे, एका दिवसाच्या वाटेवर. पण वर्षभर मी ते पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे देवनागरीत तार पाठवायची सोय नव्हती. लोक मालवणीत सांगत, मी ते इंग्रजी अक्षरांत लिहून कट्ट-कडकट्ट करत पाठवी. सव्वीस अक्षरांत सगळं कोंबायचं. ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. 'आ'साठी दोनदा 'ए' द्यावा लागे. हात दुखतो म्हणून मीच आमच्या घराकडच्या फोंडाघाटच्या तारमास्तरला सुचवलं होतं की एकच देत जाऊ. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त त्याचा हात, म्हणजे यंत्र वाजवायची ढब, ओळखत होतो.

श्रावणात धाकट्या भावाचं पत्र आलं. आयेच्या पोटात आठ दिवस कळ येतेय, औषधाने गुण नाही. मी रजा मागितली. चौथ्या दिवशी दुपारी फोंडाघाटहून तार येऊ लागली. हात उतरवून घेतो, अर्थ मागाहून लागतो, अशी आम्हा तारवाल्यांची सवय. पत्त्यात माझंच नाव आलं. मग के, ए, एल. जी, ई, एल, आय. पुढे 'येऊ नको' आणि भावाचं नाव.

कळ गेली, येऊ नको. की काल गेली, सगळं उरकलं, आता येऊ नको?

परत विचारायला बटणावर बोट ठेवलं, तर तार मुकी. वारा सुटला होता, कुठेतरी झाड पडलं असणार.

तेवढ्यात शाळेतल्या टीचर गोव्याला पाठवायचं पत्र घेऊन आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "मास्तर, काय झाला तुमका?"

मी कागद पुढे केला. आयेचं दुखणं त्यांना माहीत होतं. "कळ गेली! बरा झाला मरे," त्या हसल्या.

"काल गेली असा पण वाचूक येता," मी म्हटलं.

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग छातीवर क्रूस केला आणि बाकावर बसून राहिल्या.

उठून चालत सुटावं असं वाटत होतं. पण उत्तर आलं तर ते याच यंत्रातून येणार, आणि ते कधी बोलेल याचा नेम नाही. खिडकीला गज, समोर ते पितळेचं यंत्र. संध्याकाळी मी मागच्या विहिरीवर गेलो आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सुतक असलं तर असो म्हणून. दार उघडंच ठेवलं होतं, आवाज यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र कटकटलं. मी इंग्रजीत विचारलं, "काल, की दुखणं?" तो ओळखीचा हात म्हणाला, "दुखणं. आई बरी." आणि मग, "माफ कर."

दोष माझाही होता. पण तसं मी कळवलं नाही. गिऱ्हाईक आलं, मी त्याचा फॉर्म घेतला.

चार दिवसांपुरता बदली माणूस आला आणि रजा मिळाली, ती दिवाळीनंतर. आयेने पेज वाढली, जवळ बसली.

"तार वेळेर गावली मा रे?"

"गावली."

"मगे बरा वाटला?"

"वाटला."

तिच्या नावाने मी आंघोळ केली होती, हे तोंडातून निघेना. निघण्याच्या दिवशी ती येष्टीपर्यंत आली. "आता कधी येतलस?" तिने विचारलं.

"माणूस गावलो की," मी म्हटलं, आणि गाडीत चढलो.