घोरण्याचे कौतुक

दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर दुसऱ्या बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता, पालममधल्या एका शाळेच्या छोट्या वर्गात, माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीने शेजारच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला. दात उमटले, रक्त आले नाही. ही तिसरी वेळ होती.

मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा मुलगी बाकावर डोके टेकून झोपली होती. सकाळी साडेदहाला. ते बाईंना दिसत होते, मलाही दिसत होते. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल बोलले नाही.

"तुमी पेपरवाले. गावाला शिकवता, घरी वळण लावायला वेळ न्हाई वाटतं?"

"दसऱ्याच्या आधी अशी नव्हती."

"सगळे हेच म्हणतात. सोमवारपासून नीट वागली तर ठीक, न्हाईतर दाखला घेऊन जा. बाकीचे पालक बोलायलेत."

वर्षाच्या मध्ये प्रवेश देणारी दुसरी शाळा गंगाखेडला होती. म्हणजे लहान मुलीची रोज जीपने ये-जा.

घरात निदान करणाऱ्यांची कमतरता नव्हती. आईने दृष्ट ठरवली, मीठ-मोहरी उतरवली, काळ्या दोऱ्यात ताईत बांधला. बायकोने मोबाईलला दोष दिला आणि तो कपाटात ठेवला. मी दोन फटके मारले. शिकलेल्या माणसाची भर तेवढीच.

याच काळात घरात त्या मुलीच्या एका गोष्टीचे कौतुक चालू होते. ती घोरत असे. दुपारी कोणी आले की आई त्यांना खाटेजवळ नेऊन उभी करी.

"ऐका. आज्यावानी घोरतंय. लय गाढ झोप हाय लेकराला."

"नशीब लागतं बाई," शेजारीण म्हणाली. "आमचं तर डास गुणगुणला तरी उठून बसतंय."

ऐकून झाले की चहा होई. मुलीचे तोंड उघडे असे, मान मागे ताणलेली, उशी घामाने ओली. तिला पाहायला इतकी माणसे आली, त्यांतल्या कोणी तिच्याकडे पाहिले असे म्हणता येत नाही. मीही एका रविवारी दुपारी ते घोरणे फोनवर चाळीस सेकंद रेकॉर्ड केले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिले, 'आजोबा परत आले.' हसणारे चेहरे आले. बातमीतला प्रत्येक शब्द दोनदा तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

शुक्रवारी आम्ही तिला परभणीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले, तेही सर्दीसाठी. चावण्यावर डॉक्टर असतो हे कोणाच्या डोक्यात नव्हते. डॉक्टरीण बाईंनी नाक, घसा तपासला आणि विचारले, "झोपेत घोरते का?"

"लय," आई अभिमानाने म्हणाली. "आज्यावानी."

मी फोन पुढे केला. बाईंनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा मधल्या शांततेत त्यांनी एक बोट वर केले आणि हिसका देऊन श्वास परत येईपर्यंत ते खाली आणले नाही.

"इथं श्वास अडकलाय. नाकामागच्या गाठी सुजल्यात. ही झोपलेली दिसते, पण झोप होतच नाही. मोठा माणूस पेंगतो, कधी चिडका होतो. लहान मूल चिडतं, मारतं, चावतं. आजोबा चिडके होते का?"

आईने थोडा विचार केला.

"लय."

नाकात मारायचा फवारा दिला. सूज उतरली नाही तर शस्त्रक्रिया, असे सांगितले. शाळेसाठी चिठ्ठी मी मागून घेतली.

सोमवारी मुख्याध्यापिका बाईंनी ती उभ्यानेच वाचली. "झोपेचं काय एवढं? आमी लहानपणी पहाटे उठून पाणी भरायचो. कोणाला चावलो न्हाई." चिठ्ठी त्यांनी खणात टाकली आणि महिनाभर बघू म्हणाल्या.

महिन्यात चावल्याची तक्रार आली नाही. आईने शेजारणीला ताईत कुठून आणला ते सांगितले. शेजारीण तसाच घेऊन आली. डॉक्टरीण बाईंनी मुलीला पुन्हा तपासले, फवारा चालू ठेवायला सांगितला. शस्त्रक्रियेचा निर्णय झालेला नाही.

काल मुलगी शाळेत गेली. शाळेने दाखल्याचा विषय काढला नाही. दुपारी ती घरी दीड तास झोपली. तोंड मिटलेले होते. गळ्यात ताईत होता.