घरटी एक माणूस

या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं चालेनासं होतं. चोऱ्या, दरोडे, भाऊबंदकीतले खून, सगळ्यांचे तपास केले. शेवटी आरोपी कोण, एवढं तरी कळायचं. इथे तेही धड कळलं नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. निवृत्तीच्या थोडं आधी आष्ट्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी संपता संपता एक फौजी ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला. वडिलांच्या दुखण्यामुळे सुट्टीवर आलेला. मधुमेहाने म्हाताऱ्याचा पाय सडला होता आणि गुडघ्याखाली कापावा लागला होता. तक्रार सांगलीच्या एका डॉक्टरविरुद्ध होती.

हा डॉक्टर म्हणजे मोठं नाव. मधुमेहावर संशोधन करणारा, परदेशातल्या मासिकांत लेख छापून येणारा. फौजीच्या गावातल्या मधुमेही म्हाताऱ्यांचं रक्त त्याची माणसं कित्येक वर्षं तपासत होती. त्यावरून त्याने मांडलं होतं, की उसाच्या रानात राबणाऱ्याची साखर थोड्या गोळ्यांवरही आटोक्यात राहते. फौजीच्या वडिलांचे रिपोर्ट तर नेहमीच उत्तम. ते बघून डॉक्टरने त्यांच्या गोळ्या कमी केल्याची चिठ्ठी पाठवली आणि इकडे पाय गेला.

"आकडं खोटं हाईत साहेब," फौजी म्हणाला. "स्वतःचं नाव व्हावं म्हणून आमच्या आबांचा पाय घालवला त्यानं."

मला ते पटलं. पण डॉक्टरवर असा तडकाफडकी गुन्हा दाखल करता येत नाही, त्याला सरकारी वैद्यकीय अभिप्राय लागतो. म्हणून अर्ज चौकशीवर घेतला आणि डॉक्टरला जबाबासाठी बोलावलं. उलटसुलट विचारून त्याला घाम फोडला. खोटं बोलणारा माणूस सहसा न विचारलेलंही सांगत सुटतो. हा मात्र विचारेन तेवढंच सांगत होता. त्याची प्रयोगशाळा पाहिली. त्याचे लेख शब्दकोश घेऊन वाचले, निम्मे डोक्यावरून गेले, पण लबाडी कुठे दिसेना. रक्त काढणाऱ्या माणसालाही दरडावून पाहिलं. तो म्हणाला, सकाळी उपाशीपोटी देवळासमोर बोलवायचं, नाव पुकारायचं, जो 'हजर' म्हणेल त्याचं रक्त घ्यायचं. म्हणजे आकडे खरे होते आणि पायही खराच गेला होता. दोन्ही एकदम कसं खरं असेल, ते मला कळेना.

शेवटी गावातच गेलो. पोलीस पाटलाला सांगून लेखातल्या रुग्णांना चावडीत बोलावलं. पहिलं नाव पुकारलं, ते एका सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याचं. उठून उभी राहिली ती डोक्यावरचा पदर सावरणारी तरणी सून.

माझं टाळकं सरकलं. पोलिसांची चेष्टा लावलीय का, म्हणून विचारलं. ती बिचकली, पण बोलली.

"आवं साहेब, मामंजी उसाला पाणी पाजाय गेल्यात. घरटी एक माणूस पायजे न्हवं? मी हाय की."

पुढची दोन-तीन नावं पुकारली. कुठे मुलगा उठला, कुठे पुतण्या. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. या गावात सोसायटीची सभा असो, पाटाची साफसफाई असो की लग्नाची पंगत, घरटी एक माणूस जातो. ज्याला सवड असेल तो जातो आणि नाव घरच्या कर्त्याचं सांगतो. रक्ताच्या तपासणीलाही गाव तसंच गेलं होतं. म्हातारे रानात आणि धडधाकट पोरंसुना देवळासमोर हात पुढे करून. रक्त काढणारा यादी आणि हात बघायचा, तोंड बघत नव्हता. कुणाच्या मनात पाप नव्हतं. एकाच चुलीवरचं खातो, मग रक्त वेगळं कसं, असं एकाने उलट मलाच विचारलं.

फौजी दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याला बाजूला घेतलं आणि त्यांच्या घरातून कोण जायचं ते विचारलं. आधी म्हणाला, बायको. मी पुन्हा विचारलं.

"सुट्टीवर आलो की मीच जायचो साहेब," तो म्हणाला. "आबाच म्हणायचे, जा रं, तू मोकळाच हाईस."

एवढा पलटणीतला गडी, पण भिंतीला टेकून खाली बसला. मला त्याची फार दया आली. त्याने अर्ज मागे घेतला. डॉक्टरने आपले लेख स्वतःहून रद्द करायला लावले. लोक त्याला अजून लबाड म्हणतात. तो लबाड नव्हता हे मी शपथेवर सांगेन, पण त्याला निर्दोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डॉक्टर एकदा म्हाताऱ्याच्या घरी आला, तेव्हा मीही होतो. म्हातारा खाटेवर बसला होता. डॉक्टरने हात जोडले आणि म्हणाला, आपली कधी भेट झाली नाही, ते चुकलंच माझं. म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"मग एवढी वर्सं तुमी माझ्याबद्दल काय लिवलं, डाक्टर?"

मीही आयुष्यभर माणसांबद्दल लिहीतच आलो होतो, जबाब, पंचनामे, अहवाल. त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत, ज्याचा चेहरा पाहिला नाही अशा माणसाबद्दलच्या एकाही कागदावर माझ्याच्याने सही झाली नाही.