चार ड्रम, तीन खटके

९ ऑगस्ट १९८४. प्रसूतिगृहाच्या जन्मनोंदवहीत या तारखेला एकच नोंद आहे : मुलगी, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम, वेळ सकाळी अकरा पन्नास. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे, 'कापड ऑपरेशन थिएटरचे'. ज्यांच्यामुळे हा शेरा लिहावा लागला, त्या मावशींचा उल्लेख वहीत कुठेही नाही.

मावशी निर्जंतुकीकरणाच्या खोलीत होत्या. प्रसूतीला लागणारी कापडे, बोळे आणि नाळ बांधायचे दोरे पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरून वाफेच्या यंत्रात लावायचे, हे त्यांचे काम. ड्रमच्या अंगाला भोके असतात व त्यांवर सरकती पट्टी. आत ठेवताना भोके उघडी हवीत, नाहीतर वाफ कापडापर्यंत पोचत नाही. बाहेर काढताच ती बंद करायची. बंद होताना पट्टीचा खटका वाजतो. मावशी हे खटके मोजत : जितके ड्रम तितके खटके, कारण आधीच बंद असलेली पट्टी वाजत नाही. नियमावलीत तसे काही नव्हते. ही त्यांची स्वतःची रीत.

त्या सकाळी ड्रम बाहेर निघत असताना धुलाईघरातला परीट आपल्या जावयाची कथा सांगत होता. "दोन दिवसांसाठी आला, सात आठवडे झाले. काल मलाच विचारतो, मामा, तुम्ही अजून किती दिवस आहात इथे?" मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ड्रम निघाले चार. फळीवर ठेवून झाल्यावर त्यांना आठवले ते खटके मात्र तीनच.

तेवढ्यात लेबर रूमच्या सिस्टर आल्या. "मावशी, ड्रम द्या. पहिलटकरीण आहे, पण बाळाला आपल्यापेक्षा जास्त घाई आहे."

"यातला नाही देत, सिस्टर. आता चारही बंद दिसतात, पण खटके तीनच वाजले. एकाची भोकं आत जातानाच बंद राहिली असणार. कुठल्याची, ते सांगता येत नाही."

"चारही ड्रमांवरच्या टेपवर वाफ लागल्याच्या काळ्या रेघा आल्यात की."

"टेप बाहेर आहे. कापड आत आहे."

"तुमचं हसणं व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होतं. चौथा खटका त्यात बुडाला असेल."

"असेल. नसेलही. तुमच्या सुनेसाठी यातला उघडला असता?"

मावशींच्या थोरल्या बहिणीला बाळंतज्वर झाला होता. ती वाचली, बाळ वाचले नाही. हे सिस्टरांना ठाऊक होते. पुन्हा वाफ द्यायची तर तास हवा होता आणि बाळंतपण अर्ध्या तासावर आले होते.

ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मजल्यावर. मावशी सांगतात, त्या एका दमात वर गेल्या. तिथल्या तेव्हाच्या प्रमुख सिस्टर, आता निवृत्त, सांगतात की मावशी येऊन आधी पायरीवर बसल्या आणि दोन मिनिटे नुसता हात हलवत राहिल्या. दोन्ही कथनांत पुढचा संवाद मात्र सारखाच आहे.

"आमचा ड्रम म्हणजे काय उसनी साखर वाटली?"

"साखर कोण परत करतं, सिस्टर? ड्रम मी दुपारी भरून आणते."

ड्रम खाली पोचला आणि अकरा पन्नासला मुलगी जन्मली. तापमानाच्या तक्त्यात पाचही दिवस आई आणि बाळ यांपैकी कुणालाही ताप नाही. सहाव्या दिवशी दोघी घरी गेल्या.

मावशींकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो फायलीत आहे, अक्षर दुसऱ्या कुणाचे तरी : 'हसण्यामुळे खटक्यांचा हिशेब चुकला. यापुढे हसणार नाही.' त्याखाली लाल शाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांचा शेरा : 'हसण्यास हरकत नाही. ड्रम काढताना नको.' परटाला त्या वेळात खोलीत येण्यास बंदी झाली, असे मावशी म्हणतात. तसा आदेश फायलीत सापडत नाही.

त्याच दुपारी चारही ड्रम न उघडता, भोके तपासून पुन्हा यंत्रात लावले गेले. त्यांतले कापड प्रयोगशाळेत पाठवल्याची नोंद नाही. त्यामुळे एका ड्रममध्ये वाफ खरोखरच पोचली नव्हती, की चौथा खटका वाजला पण हसण्यात ऐकू आला नाही, हे ठरवायला आज कोणताही पुरावा नाही. मावशींनाही ते माहीत नाही.