उरकुडाभाऊंची जीप

ओढा आला की उरकुडाभाऊ जीप थांबवत, चपला काढून सीटखाली सरकवत आणि खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरत. पलीकडे जाताना डाव्या चाकाच्या वाटेनं, परत येताना उजव्या चाकाच्या वाटेनं. पायाला लागलेला एखादा धोंडा उचलून बाजूला टाकत. मग शांतपणे येऊन बसत आणि गाडी पाण्यात घालत. दिवसात पाच ओढे लागले तर पाचही ओढे ते असे चालून येत. पहिल्याच दौऱ्यात मी वैतागून विचारलं, की काल याच ओढ्यातून आपण आलो, आज पुन्हा काय बघायचं?

"चाकाले डोळे नसते, सायेब, पायाले असते," ते म्हणाले. "आन काल थे काल होतं."

तेव्हा माझ्या नोकरीचा जिल्हा चांदा म्हणून ओळखला जाई आणि गडचिरोली त्यातच होती. मी साताऱ्याकडचा, नुकताच ओव्हरसिअर झालेला, वय तेवीस. एटापल्लीच्या पलीकडच्या डोंगरांत एक रस्ता काढायचा होता. त्याची आखणी माझ्याकडे आली आणि आखणीसोबत एक जीप आणि उरकुडाभाऊ आले. जीप लढाईतून उरलेली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, वर फाटकं कॅनव्हास. उरकुडाभाऊ सिंदेवाहीकडचे, पंचेचाळिशीचे, बुटके, कानावर नेहमी अर्धी विडी. लढाईच्या काळात आसामच्या डोंगरांत त्यांनी लष्कराचे ट्रक चालवले होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "तिथी घाई करणारे लय होते. थे तिथीच राह्यले."

जीपच्या मोठ्या गिअरशेजारी दोन लहान दांडे होते. एक ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळे, म्हणजे चारही चाकं गाडी ओढू लागत. दुसरा ओढला की गाडी अगदी हळू, पण अतोनात ताकदीनं चाले. या दुसऱ्या दांड्याला ते 'बैल गेर' म्हणत. चढावर बैल गेर लावला की इंजिनाचा आवाज जड होई आणि जीप धोंड्यांवरून एकेक चाक टाकत वर जाई, शेजारून माणूस चालत पुढे निघून जाईल इतकी सावकाश. मला कंटाळा येई. माझ्याकडे न बघताच ते सांगत, "घाई माणसाले असते, घाटाले नसते."

डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर आमचा मुक्काम होता. दोन राहुट्या, एक चूल, पाण्याची पिंपं आणि पाच-सहा माणसं. खाली हाकेच्या अंतरावर माडिया आदिवासींचं पंधरा घरांचं गाव होतं. पहिल्या आठवड्यात मी जीप एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली, सावलीत लावायला सांगितली. उरकुडाभाऊंनी ती उन्हात नेऊन उभी केली. मी जरा आवाज चढवल्यावर त्यांनी मला त्या झाडाखाली नेलं. खालचा पालापाचोळा जाळून जमीन झाडून अंगणासारखी स्वच्छ केलेली होती.

"आठ-पंधरा दिवसांत फुलं पडन," ते म्हणाले. "ह्या झाडाचा मोहा लालसूच्या घरचा. गाडीचं तेल सांडलं तं त्याची बायको फुलं कुठी येचन?"

लालसू कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उरकुडाभाऊंना मात्र गावातली घरं आणि झाडं दोन दिवसांत माहीत झाली होती. मोडकीतोडकी माडिया बोली त्यांना येत होती आणि ती ते न लाजता बोलत. लालसू हा तिशीतला, कमी बोलणारा माणूस. तो संध्याकाळी येऊन जीपशेजारी बसे आणि इंजिन उघडलेलं असलं की त्यात टक लावून बघे.

मोहाची फुलं पडू लागली त्याच सुमारास आमच्या जीपचे ब्रेक गेले. एका धोंड्यानं खालची नळी फुटली आणि ब्रेकचं सगळं तेल गळून गेलं. हातब्रेक आधीपासूनच नावाला होता. नवी नळी आणायला मी एका माणसाला चांद्याला पाठवलं आणि नळी येईपर्यंत जीप जागची हलवायची नाही, असा लेखी हुकूम उरकुडाभाऊंना दिला. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर लिवलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातून आरडाओरडा ऐकू आला. लालसू आणि त्याची बायको जुरी पहाटे मोहा वेचायला दूरच्या झाडाखाली गेले होते. तिथं आधीच अस्वल फुलं खात होतं. अस्वलानं लालसूच्या तोंडावर आणि मांडीवर पंजे मारले होते. गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून आमच्या मुक्कामावर आणलं. चेहऱ्यावर बांधलेलं लुगड्याचं फडकं रक्तानं काळं पडलं होतं. मांडीतून रक्त थांबत नव्हतं. जुरी खाटेचा खूर धरून उभी होती. ती रडत नव्हती.

दवाखाना अहेरीला. खाट खांद्यावर घेऊन चालत गेलं तर पुरा दीड दिवस. खाली उतरायला आमचा नवा, अर्धवट फोडलेला रस्ता होता. पायथ्याला पोचलं की पुढे अहेरीपर्यंत सपाट गाडीवाट. म्हणजे सगळा प्रश्न त्या दीड मैल उताराचा होता.

उरकुडाभाऊ इंजिनाचं झाकण उघडून बघू लागले. मी म्हणालो, "भाऊ, ब्रेक नाहीत. मी परवानगी देऊ शकत नाही."

"मले मालूम हाये."

"गाडी दरीत गेली तर एकाऐवजी तिघं मरतील."

"बैल गेरात उतरवतो. जिथी उतार जास्त हाये तिथी बैल गेर एकटा पुरत नाई," ते म्हणाले. मग जमलेल्या लोकांकडे वळून त्यांनी बोटानं माणसं मोजली. "ब्रेक नाई, पण इतके लोक तं हायेत ना."

ओंडके ओढायचे दोन जाड दोर आमच्याकडे होते. ते त्यांनी जीपच्या मागच्या आकड्याला बांधले आणि माडियात काहीतरी समजावून सांगितलं. दहा-दहा माणसं एकेका दोराला लागली. लालसूला मागं आडवा ठेवला आणि त्याचं डोकं जुरीच्या मांडीवर दिलं. मी आणखी अडवलं नाही. मी पुढं बसायला निघालो तर उरकुडाभाऊंनी हात आडवा केला.

"तुमी नोका बसू. गाडी गेली तं लिवायले कोणी पायजे."

ते चेष्टा करत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

जीप निघाली. इंजिनाचा तो जड आवाज, आणि मागं वीस माणसं टाचा रोवून, कमरेतून मागं झुकून दोर धरून उतरणारी. उरकुडाभाऊ एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात बाहेर काढत. हात वर केला की दोर ताणायचा, खाली केला की सैल सोडायचा. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर सुटे खडे होते. तिथं माणसांचे पाय घसरले. उजव्या दोरावरचे तिघं-चौघं पडले आणि जीप हातभर पुढं ओढली गेली. मी बाजूनं चालत होतो. मी दोर धरला. विचार करून धरला असं म्हणता येणार नाही. हाताची साल निघाली. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागला. जीप थांबली, उरकुडाभाऊंचा हात खाली आला आणि आम्ही पुन्हा उतरू लागलो.

पायथ्याला दोर सोडले तेव्हा सूर्य डोक्यावर यायचा होता. उरकुडाभाऊ न थांबता अहेरीकडे निघून गेले. लालसू वाचला. त्याचा एक डोळा गेला आणि तो पुढं कायम लंगडत चालला, पण पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांत तो झाडाखाली होता.

महिन्याभरानं चौकशी आली. ब्रेक नसलेलं सरकारी वाहन, बाहेरची माणसं, अधिकाऱ्याचा लेखी हुकूम मोडलेला. साहेबांनी मला जबाब लिहायला सांगितलं. मी लिहिलं, की वाहन हलवू नये असा हुकूम मी दिला होता, आणि ड्रायव्हरनं तो पाळला नाही. दोराबद्दल, माझ्या हाताबद्दल मी काही लिहिलं नाही. नोकरी नवी होती, भीती वाटली. जबाबाखाली सही केली. उरकुडाभाऊंना जीपवरून काढून चांद्याला रोलरवर पाठवलं. डोंगरात गाडी चालवणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती.

पावसाळ्याआधी मी कामासाठी चांद्याला गेलो. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उरकुडाभाऊ रोलर चालवत होते. मला बघून त्यांनी रोलर थांबवला, खाली उतरले, कडुलिंबाखालच्या मडक्यातलं पाणी मला दिलं. लालसूची चौकशी केली, नवी नळी बसली का ते विचारलं. मला राहवेना. मी म्हणालो, "भाऊ, मी जबाबात जे लिहिलं..."

"वाचून दाखवलं मले," ते म्हणाले. "तुमी खोटं नाई लिवलं, सायेब. पूरं नाई लिवलं."

आवाजात राग नव्हता. त्यांनी कानावरची विडी पेटवली आणि खडी या वर्षी कशी ठिसूळ येते आहे ते सांगू लागले.

त्या दुपारी मी डाक बंगल्यात बसून दुसरा जबाब लिहिला. तिसऱ्या वळणावर मी स्वतः दोर धरला होता, म्हणजे जीप उतरवण्यात मी सामील होतो, आणि उरकुडाभाऊंनी ती उतरवली नसती तर तो माणूस मेला असता, असं त्यात लिहिलं. माझ्या सर्व्हिस बुकात वाईट शेरा आला. उरकुडाभाऊंना पुन्हा जीपवर घेण्याचा हुकूम निघायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. त्यांनी नकार दिला. "आता आंगात डोंगर राह्यला नाई," असा निरोप त्यांनी पाठवला. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते सिंदेवाहीकडे आपल्या गावी तापानं वारले. मला महिन्यानं कळलं.

तो शेरा काढून घेण्यासाठी अर्ज करता येईल, असं पुढं दोन वरिष्ठांनी मला सुचवलं. मी अर्ज केला नाही.