कोरा प्लाय

प्लाय उचलणाऱ्या माणसाचं पहिलं पाऊल कुठे पडतं, सांगा बरं? नाही ना येत सांगता. सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालचा प्लायचा साचा बांधणाऱ्या, त्या सुताराला विचारायचं.

त्याच्या तोंडात कायम खिळे, म्हणून बोलणं बेताचं. स्लॅबला पाइपांसाठी सोडलेल्या, माणूस जाईल एवढ्या प्रत्येक भोकावर तो प्लाय टाकायचा, चारी कोपरे ठोकायचा आणि वर लाल फुली मारायचा. चांगला माल वाया घालवतोस म्हणून सुपरवायझर रोज तोंडसुख घ्यायचा. सुतार या कानाने ऐकायचा, त्या कानाने सोडायचा.

त्याच्या बहिणीचा नवरा तिथेच सुटे प्लाय गोळा करून वर द्यायचा. स्वभावाने थट्टेखोर. मेव्हण्याच्या हातात हातोडी दिली तर तो जेवणाचं ताटसुद्धा ठोकून ठेवेल, असं सगळ्यांना सांगत फिरायचा.

मग सहाव्या स्लॅबची घाई झाली. सुताराला शेजारच्या उंच इमारतीवर धाडलं. इकडे प्लाय कमी पडले, तेव्हा सुपरवायझरने फुलीवालेच उपटून वर घ्यायला लावले आणि भोकांवर कोरे तुकडे नुसते ठेवले. एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणे.

दुपारी सुताराने सहज खाली पाहिलं. सहाव्याच्या सेंटरिंगवर त्याच्याच लाल फुल्या. म्हणजे खालच्या भोकांवर ठोकलेलं काहीच उरलं नव्हतं. तो जिने उतरला, पलीकडचे चढला. त्याला पक्कं ठाऊक होतं: प्लाय उचलला की माणूस तो छातीशी उभा धरतो, समोरचं दिसत नाही, आणि पाऊल पडतं ते उचलला त्याच जागी.

पाचव्यावर पोचला तेव्हा दाजी भोकावरचा कोरा प्लाय छातीशी घेऊन उभेच होते.

"दाजी, हलू नका."

दाजींनी कडेवरून मान काढली, हसले. "का हो मेव्हणे, मलाही ठोकणार?"

आणि पुढे झाले.

खालच्या मजल्याचं झाकणही सुटंच होतं, दाजी दोन मजले खाली आदळले. दाजी जिवंत आहेत, पण कमरेखाली काही कळत नाही. कागदावर आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. साक्षीदार म्हणून सुताराची सही मागितली. त्याने दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच हाकलला.

त्या इमारतीत आणखी भोकं आहेत, अजून कोऱ्या प्लायखाली. उद्या तुम्ही वर चढणार असाल, तर एवढं ऐका: उचलू नका. आधी पायाने सरकवा, आणि खाली बघा.