घोडी नको, बैल आहेत!

माझ्या मुलाच्या लग्नात मी घोडीचे सात हजार रुपये वाचवले. ते वाचवायला मला अकरा हजार रुपये खर्च आला.

हिशोबात मी कच्ची आहे असं मात्र कुणी समजू नये. लातूरला आमचं सरकी-पेंडीचं दुकान आहे आणि गल्ल्यावर पंचवीस वर्षं मीच बसते. (आमचे हे फक्त पोती मोजतात. पैसे मोजायला दिले की गिऱ्हाइकाला दहा रुपये जास्तच परत देतात, वर चहा पाजतात!) त्यामुळे महेशचं लग्न ठरलं त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, "लग्न झोकात व्हईल, पण एक रुपया वाया जाणार न्हाई!"

आणि लागले कामाला. पत्रिका छापल्याच नाहीत, मोबाईलवर पाठवल्या. टॉवेल-टोपीचा आहेर बंद केला. (तीन पाहुणे अजून रुसलेले आहेत.) डीजे रद्द करून चार हलगीवाले सांगितले. एकच गोष्ट मी हात सैल सोडून घेतली, ती म्हणजे व्याह्यांसाठी भरजरी शाल. कारण आमचे व्याही शिवलिंगअप्पा म्हणजे भोकरचे निवृत्त मुख्याध्यापक. साखरपुड्यात आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, तर दारात उभे राहून त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की आमच्या ह्यांनी आपोआप कान पकडले! निघताना त्यांनी बजावलं होतं, "विहीणबाई, अक्षता बारा पस्तीसला. बारा पस्तीस म्हणजे बारा पस्तीस."

लग्न भोकरलाच होतं. राहिला होता परण्या. आमच्याकडे अक्षतांच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात आणि तिथून मंडपात आणतात. त्यासाठी घोडी हवी. भोकरच्या घोडीवाल्यानं फोनवर सात हजार सांगितले.

"सात हजारात घोडी इकत देता का काय?" मी विचारलं. त्यानं फोन ठेवला.

हे सगळं समोर बसून माझा धाकटा भाऊ मन्मथ ऐकत होता. मन्मथ देवणीचा. त्याच्याकडे देवणी जातीच्या बैलांची जोडी आहे आणि त्यातला सरदार नावाचा बैल म्हणजे प्रदर्शनं जिंकणारा. मन्मथच्या घरात बायकोचा फोटो एक आहे, सरदारचे नऊ.

"अक्का," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "घरचा सरदार असताना तू भाड्याची घोडी आणायलीस? माझ्या इज्जतीचा काही तरी इचार कर! छकड्याला जोडतो दोघांला, रंग देतो, झुली घालतो. भोकरनं बघत राहावं!"

"पैसे किती घेशील?"

"भाच्याच्या लग्नात मामा पैसे घेतो का? फुकट!"

फुकट हा शब्द ऐकला की मला पुढचं काही ऐकू येत नाही. लहानपणापासूनच आहे ते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मन्मथचा फोन आला. "अक्का, टेम्पोवाल्याला अकरा हजार पाठव."

"कसला टेम्पो?"

"मग बैल काय एसटीनं येतील? देवणीहून भोकर हाय ते! संगं छकडा हाय, कडबा हाय. कंडक्टर बसू देईल का?"

घोडीवाल्याला परत फोन लावला. त्यानं माझा आवाज ओळखला आणि पुन्हा ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र मी सगळं विसरले. पांढरेशुभ्र, काळ्या ठिपक्यांचे ते दोन बैल, शिंगांना गोंडे, रंगवलेला छकडा आणि त्यात बाशिंग बांधलेला माझा महेश! मन्मथनं कासरे धरले. साडेअकराला आम्ही निघालो. माझ्या पिशवीत मारुतीसाठी हार आणि व्याह्यांची शाल. छकडा छान चालला होता. हलगीवाले मारुतीच्या देवळापाशी थांबून होते. आम्ही देवळासमोरच्या चौकात पोचलो आणि त्यांनी हलगीवर पहिली थाप मारली.

सरदार थांबला.

नुसता थांबला नाही. चारही पाय रोवले, मान वर केली, छाती पुढे काढली आणि फोटोला उभा राहिल्यासारखा समोर बघत राहिला. त्याचं बघून जोडीदारानंही तेच केलं. आमच्या पाहुण्यांनी त्याच्यासमोर नाच सुरू केला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मन्मथनं कासरा हलवला, पाठीवर थाप मारली, कानात काहीतरी सांगितलं. सरदार ढिम्म!

"काय झालं रे त्याला?"

मन्मथचा चेहरा पडला होता. "अक्का, तू डीजे सांगितला न्हाईस का?"

"हलगी सांगितली. स्वस्तात."

"माय गं! हलगी सोडून काहीबी चाललं असतं! प्रदर्शनात हलगी वाजली की असं उभं राहायचं, हे मीच शिकवलंय त्याला!"

"मग हलगी बंद करा!"

हलगी बंद केली. सरदार तसाच.

"आता का उभाय?"

"आता निकालाची वाट बघायलाय."

चौकाच्या चारही बाजूंनी गाड्या तुंबल्या. ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. चार जावयांनी मिळून छकडा मागून ढकलला, तर जावयांच्या विजारी उसवल्या, छकडा तिथंच! वर बसलेला महेश घामानं निथळत होता. "आई, मी उतरतो. चालत जातो."

"खबरदार उतरलास तर!" मी ओरडले. "टेम्पोचं भाडं दिलंय!"

तेवढ्यात फोन वाजला. शिवलिंगअप्पा. "विहीणबाई, बारा वाजून बारा मिनिटं झाली."

"निघालोच अप्पा, हे काय, पोचलोच!" मी म्हणाले. मागून ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला.

"मन्मथ," मी फोन ठेवून दात खाऊन विचारलं, "निकाल लागल्यावर काय करतात?"

"हार घालतात. पाठीवर शाल टाकतात. अन् माईकवरून म्हणतात, 'प्रथम क्रमांक, देवणीचा सरदार!' टाळ्या पडल्या की हलतो."

मी पिशवीतला हार काढला. देवळाकडे वळून म्हणाले, "मारुतीराया, माफ कर, तुला उद्या दोन आणते," आणि तो सरदारच्या गळ्यात घातला. मग छातीवर दगड ठेवून व्याह्यांची भरजरी शाल काढली आणि त्याच्या पाठीवर टाकली. आमच्या ह्यांना म्हटलं, "म्हणा!" हे हात जोडून बैलापुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "पहिला नंबर आला बरं का तुमचा." (बैलाला 'तुमचा'! असा माणूस गल्ल्यावर कसा बसवायचा?) सरदारनं कानसुद्धा हलवला नाही.

मग मी चपला काढल्या, पदर खोचला, देवळाच्या पायरीवर चढले आणि भोकरच्या भर चौकात, लग्नातली पैठणी नेसून, जिवाच्या आकांतानं ओरडले, "प्रथम क्रमांक! देवणीचा! सरदार!"

अख्ख्या चौकानं टाळ्या वाजवल्या. ट्रकवाल्यांनीसुद्धा.

आणि सरदार सुटला! तो चालला नाही, सुटला! बक्षीस मिळालं की सावलीला पळायचं आणि पेंड खायची, ही त्याची दुसरी सवय मन्मथनं मला सांगितलीच नव्हती. चौकाच्या पलीकडे सावली म्हणजे आमचा लग्नमंडप. महेशनं एका हातानं बाशिंग आणि दुसऱ्यानं छकड्याची दांडी धरली आणि बघता बघता नवरदेव, मामा, दोन बैल नाहीसे झाले! मागं उरलो आम्ही. हलगीवाले, उसवलेले जावई, आत्या, मावशा, सगळे पळायला लागले. सगळ्यात पुढे मी, अनवाणी!

मंडपाच्या दारात पोचले तेव्हा बारा छत्तीस झाले होते. संपलं, म्हटलं. एकुलत्या एका मुलाच्या अक्षता हुकल्या! डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात माईकवरून शिवलिंगअप्पांचा तो शाळेतला आवाज आला, "वरमाई धावत येत आहेत. कृपया रस्ता द्यावा. त्या आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस घड्याळ विसरून थांबला, आणि तोही माझ्यासाठी!

अक्षता पडल्या. मग मानपानाला सुरुवात झाली. माईकवाल्यानं पुकारलं, "आता वरपक्षाकडून वधूपित्याचा शाल देऊन सत्कार!" मी पिशवीत हात घातला आणि तिथंच थिजले. मंडपाच्या कडेला, पंख्याच्या वाऱ्यात, वधूपित्याची शाल पांघरून सरदार पेंड खात उभा होता.

मी मुकाट्यानं त्याच्याकडे निघाले. शाल काढावीच लागणार होती. शिवलिंगअप्पांनी मला हात करून थांबवलं.

"राहू द्या, विहीणबाई. प्रथम क्रमांक ज्याचा, शाल त्याची."

मी दचकले. यांना कसं कळलं? तर चौकातल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता आणि तो आमच्याआधी मंडपात पोचला होता! सातशे माणसांनी मला पायरीवर चढून ओरडताना पाहिलं होतं. आतल्या खोलीत नवरीनं तर तीनदा पाहिला.

लग्नाआधी माझी सून भाग्यश्री मला फार घाबरायची, हे नंतर तिनंच सांगितलं. गल्ल्यावर बसणारी सासू म्हणून मावशांनी तिच्या डोक्यात काय काय भरवून ठेवलं होतं. रात्र रात्र झोप नव्हती पोरीला. पण तो व्हिडिओ बघितला आणि तिची भीती जी गेली ती गेलीच.

आता तिला चहा हवा असला की ती आतल्या खोलीतून मला हाक मारते. आणि मी फक्त विचारते, "साखर किती टाकू?"