मुठीवरचं कुंकू

माझे मामा फौजेतून निवृत्त होऊन जाफराबादजवळच्या आपल्या गावी परतले आणि जालन्यात सळई बनवणाऱ्या एका कारखानदाराचे अंगरक्षक झाले. पिस्तूल त्यांचं स्वतःचं होतं, परवाना त्यांच्या नावावर. नोकरी त्या पिस्तुलावर आणि ते चालवणाऱ्या उजव्या हातावर टिकून होती.

पिस्तूल जुन्या घडणीचं, मागे उघडा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, असलेलं. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग झटक्यानं मागे येतो आणि घोड्याला खाली दाबतो. हात जास्त वर धरलेला असेल, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी घोड्याखाली सापडते. नव्या पिस्तुलांना तिथं हात वाचवणारी लांब पोलादी पट्टी असते. याची पट्टी आखूड होती आणि मामांचा हात मांसल. पहिल्याच वर्षी तिथं एक जखम होऊन पांढरा व्रण राहिला होता. तेव्हापासून ते मूठ जरा खाली धरत, हात कोरडा ठेवत आणि सरावाआधी त्या बेचक्यावर चिकटपट्टी लावत.

"ह्यो चावतो," ते म्हणायचे. "त्याच्या तोंडात हात द्यायचा न्हाई, बस."

त्यांच्या घरी दसऱ्याला विळा, कुऱ्हाड यांच्याबरोबर पिस्तुलाचीही पूजा होई. कोरड्या पोलादावर कुंकू ठरत नाही, म्हणून मामी आधी तेलाचं बोट ओढत. एकदा लावलेलं कुंकू पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, अशी त्या घरची रीत. आदल्या वर्षी नळीवर कुंकू असलेलं पिस्तूल घेऊन मामा कामावर गेले, तेव्हा कारखान्याच्या ड्रायव्हरांनी त्यांना आठवडाभर सोडलं नव्हतं. "फौजी, पिस्तुलाचं लगीन लावलं काय? नवरदेव कोन?"

पुढच्या दसऱ्याला मी गावी होतो. पूजेच्या वेळी मामा मामींना म्हणाले, "औंदा मुठीला लाव. हाताखाली झाकून जातं."

"देवाचं लपवून ठिवता व्हय?"

"देवाला दिसतंच की. डायव्हरला दिसाया नको."

मामी हसल्या आणि त्यांनी मुठीच्या दोन्ही बाजूंना तेल लावून हळदकुंकू वाहिलं. पकड घट्ट बसावी म्हणून मुठीच्या लाकडात बारीक खाचा होत्या. तेल त्यांत उतरलं.

दुसऱ्या दिवशी जालन्याबाहेरच्या सरावाच्या मैदानावर अंगरक्षकांची चाचणी होती. मामांना साखरेचा आजार होता, वयही झालं होतं. कारखान्याचा मॅनेजर स्वतः बघायला आला होता. नेम चुकला तर मालकाच्या गाडीत दुसरा माणूस बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांना मीच मोटारसायकलवरून नेलं होतं. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे उभा होतो.

पहिल्या गोळ्या बरोबर लागल्या. ऊन कडक होतं. तळहाताला घाम सुटला आणि तेलात मिसळला. पिस्तूल हातात फिरायला लागलं. बेचक्यातली चिकटपट्टी सुटून लोंबू लागली. मामांनी मूठ आवळली आणि पकड मिळावी म्हणून हात वर चढवला. पुढच्या गोळीला त्यांचा खांदा दचकला. तरी त्यांनी उरलेल्या गोळ्या झाडल्या. सगळ्या निशाण्यावर होत्या.

मॅनेजर जवळ आला. "हाताला काय लागलंय, लाल?"

"दसऱ्याचं कुंकू, साहेब," मामा म्हणाले.

मॅनेजरनं पास केलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

परतताना मी दवाखान्यात जाऊ म्हटलं. मामांनी रुमाल हातावर गुंडाळला होता. "नको. तिथं कारखान्याची मानसं येतात. हळद भरली की बराबर हुतंय."

मामींनी हळद भरली. मामा हातमोजा घालून कामावर जात राहिले. हात मनगटापर्यंत सुजला. मग ताप आला. मोजा काढला तेव्हा खोलीत वास पसरला. मामींनी मला फोन केला आणि आम्ही त्यांना जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं की हात वाचवायचा तर अंगठा काढावा लागेल. मामा खाटेवर उठून बसले.

"बाकीची बोटं काढा," ते म्हणाले. "अंगठा ठिवा."

"बाकीची चांगली आहेत, काका. सडलाय तो अंगठाच."

"चांगली हायेत, पन कामाची न्हाईत."

 डॉक्टरांनी मामींना बाहेर बोलावलं.

मामा दवाखान्यात असतानाच मालकाच्या गाडीत दुसरा माणूस बसला. मॅनेजरनं फोनवर तब्येत विचारली आणि मग ते सांगितलं. फोन मामींनी घेतला होता. त्या "हो, हो" म्हणत राहिल्या.

काढलेल्या अंगठ्याची जखम भरल्यावर मामा पिस्तूल जमा करायला पोलीस ठाण्यात गेले. मी बरोबर होतो. टेबलापलीकडच्या हवालदारानं ते रिकामं करून दाखवायला सांगितलं. त्याला दोन हात लागतात. मामांनी डाव्या हातानं मॅगझिन काढलं, मग नळी भिंतीकडे करून पिस्तूल दोन गुडघ्यांत धरलं आणि वरचा भाग मागे ओढायला लागले. तो अर्ध्यावर येऊन सुटत होता.

"द्या, काका, मी करतो," हवालदार म्हणाला.

"थांबा. अजून परवाना माझ्या नावाचा हाय."

हवालदारानं हात मागे घेतला. मामांनी पुन्हा ओढलं.